वैरण कोणाची?

दसऱ्याच्या संध्याकाळी गावोगावची माणसं वेशीबाहेर जातात, आपट्याची पानं घेऊन येतात आणि ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत एकमेकांच्या हातावर ठेवतात. या रीतीला आपण सोनं लुटणं म्हणतो. तिच्यामागे रघुराजा आणि कौत्स यांची कथा सांगितली जाते. त्या कथेच्या शेजारी एक इतिहासही उभा आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत याच दिवशी मराठी फौजा शिलंगणाला निघत. काही महिन्यांनी त्या परतत, तेव्हा कुणाच्या तरी घरातलं खरं सोनं त्यांच्या खुर्ज्यांत असे.

दसराच का, याचं उत्तर जमिनीत सापडतं. पाऊस ओसरलेला असतो. नद्यांना उतार पडतो, चिखलाच्या वाटा सुकतात आणि रानात घोड्याला पुरेल एवढं गवत उभं असतं. खरिपाचं पीक हाताशी आलेलं असतं, म्हणजे वाटेतल्या गावांतही दाणा मिळणार असतो. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस बेभरवशाचा. अशा मुलखात घरातल्या एका भावानं औत धरायचं आणि दुसऱ्यानं भाला घेऊन कुणा सरदाराच्या पथकात जायचं, ही संसार चालवण्याची रीत होती. मृग जवळ आला की गेलेला परत यायचा. शेतीचं वर्ष आणि लढाईचं वर्ष एकमेकांत विणलेलं होतं.

युद्धाचं समाजातलं स्थान समजून घ्यायला म्हणूनच मला रणांगणापेक्षा ही वीण महत्त्वाची वाटते. या प्रकरणात आपण तिचाच एक धागा धरून चालणार आहोत. तो धागा आहे वैरणीचा.

हाणामारी आणि युद्ध

युद्ध माणसाच्या रक्तातच आहे, असं आपण सहज म्हणून जातो. माणसानं माणसाला मारणं फार जुनं आहे, यात शंका नाही. सुदानमधल्या जेबेल सहाबा इथं तेरा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली. तिथल्या अनेक सांगाड्यांच्या हाडांवर दगडी शस्त्रांच्या जखमा आहेत. केनियातल्या नातारुक इथं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे २७ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांतल्या अनेकांचा अंत मारहाणीत झाला होता. तरीही मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९४० साली एक वेगळा विचार मांडला. युद्ध ही निसर्गानं लादलेली गरज नाही, लेखनासारखा किंवा विवाहसंस्थेसारखा तो माणसानं लावलेला शोध आहे, असं त्यांचं म्हणणं. १९८६ साली स्पेनमधल्या सेव्हिल इथं जमलेल्या वेगवेगळ्या विषयांच्या शास्त्रज्ञांनीही युद्ध आपल्या जनुकांत कोरलेलं आहे या समजाला विज्ञानाचा आधार नाही, असं जाहीर केलं.

मला हा विचार पटतो, आणि त्याचं कारण साधं आहे. हाणामारीला राग पुरतो. युद्धाला वैरण लागते.

एका घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो तरी कोरडा चारा लागतो. वर चंदी, म्हणजे हरभऱ्याचा किंवा कुळथाचा दाणा. पाणी निराळं. दहा हजार घोड्यांची फौज धरली तर रोजचा चाराच शंभर टनांच्या घरात जातो. त्यात हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल आणि माणसं मिळवा. हे सगळं कुणीतरी पिकवावं लागतं, कापावं, वाहावं, मोजावं आणि वाटावं लागतं. त्यासाठी कारकून लागतो, कोठार लागतं, कर लागतो, कर्ज लागतं. इतकी व्यवस्था रागातून उभी राहत नाही, ती समाज ठरवून उभी करतो. वैरण कुठून आणायची हे ठरवताना तो स्वतःचाही आकार ठरवत जातो.

चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र

शिवाजी महाराजांच्या राज्याचं वर्णन करणारी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९४ साली जिंजीला लिहिली गेली. तिच्यातल्या लढाया सर्वांना माहीत असतात. मला तिच्यातली लष्कराची व्यवस्था अधिक विचार करायला लावते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांचा एक हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा स्वार, आणि शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येणारा. महाराजांचा कल पागेकडे होता. घोडं सरकारचं असलं की स्वार सरकारचा राहतो.

मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची याद केली जाई. परतल्यावर ती पुन्हा तपासली जाई. जास्त निघालेलं सरकारात जमा व्हायचं किंवा पगारातून वळतं व्हायचं. बायका आणि कुणबिणी लष्कराबरोबर नेण्याला बंदी होती. परमुलखातल्या बायकापोरांना धरायचं नाही, अशी ताकीद होती. पगार शक्यतो रोख दिला जाई, त्यासाठी गावं तोडून देणं टाळलं जाई. या नियमांकडे केवळ राजाचा चांगुलपणा म्हणून पाहिलं तर त्यांच्यातली बुद्धी नजरेआड होते. वर्षातले आठ महिने बाहेर राहणाऱ्या सैन्याला हिशेबात बांधून ठेवलं नाही, तर ते सैन्य आणि दरोडेखोरांची टोळी यांच्यातला फरक पुसला जातो, हे ज्याला कळलं होतं त्यानं हे नियम केले.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मे १६७३ मधलं एक पत्र. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी उतरलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलं आहे. पावसाळ्याचे दिवस अजून पुढे होते आणि बेगमीचा दाणागोटा तर मर्यादित होता. महाराज सांगतात की आत्ताच मन मानेल तसा खर्च केलात तर भर पावसात काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. म्हणजे ती घोडी तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल. कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. तसं झालं की जे कुणबी जीव मुठीत धरून राहिले आहेत तेही घरदार सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि मोगल आले त्यापेक्षाही तुम्ही वाईट, असं त्यांना वाटेल. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्यावं.

पत्र तिथं थांबत नाही. गवताच्या गंजीजवळ कुणी चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. मग आग लागेल आणि सगळी वैरण जाईल. एका राज्याचा धनी पत्रात उंदरानं ओढलेल्या वातीची काळजी करतो, कारण त्याला पुढची साखळी दिसते आहे. वैरण जळाली तर घोडं मरेल, घोडं वाचवायला स्वार कुणब्याच्या घरात शिरेल, आणि कुणबी उठून गेला तर राज्य कशाचं? युद्धाचा खर्च ज्याच्यावर टाकायचा नाही त्या माणसाचं नाव या पत्रात स्पष्ट आहे. ती आपल्या मुलखातली रयत.

बाहेरून येणारं उत्पन्न

आपल्या रयतेवर भार टाकायचा नाही, तर मग टाकायचा कुणावर? या प्रश्नाचं अठराव्या शतकातलं उत्तर होतं चौथाई.

चौथाई म्हणजे एखाद्या मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा. त्यावर सरदेशमुखीचा आणखी दहावा. शिवकाळातही तिची वसुली होत होती, पण तिला बादशाही शिक्का मिळाला तो १७१९ साली. बाळाजी विश्वनाथ पेशवे फौज घेऊन दिल्लीला गेले आणि दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्याच्या बदल्यात बादशहाच्या चाकरीसाठी पंधरा हजार स्वार ठेवायचे होते. चौथाईच्या वाटणीचा तपशीलही ठरला. पंचवीस टक्के राजाची बाबती, सहा टक्के साहोत्रा, तीन टक्के नाडगौंडा आणि उरलेले सहासष्ट टक्के फौज बाळगणाऱ्या सरदारांचा मोकासा.

या वाटणीत पुढच्या शतकाचं सगळं गणित दडलेलं आहे. दोन तृतीयांश वाटा सरदाराच्या हातात, आणि तो वसूल करायला फौज लागणार. फौजेचा खर्च भागवायला वसुली लागणार. वसुली अपुरी पडली तर आणखी लांबचा मुलूख लागणार. ज्यानं चौथाई द्यायची त्याच्या मनात धाक जिवंत राहायला हवा, म्हणून दर दोन-चार वर्षांनी घोडी त्याच्या शेतातून जायलाच हवीत. मराठी सत्ता नर्मदेपलीकडे, चंबळेपलीकडे आणि अखेर अटकेपर्यंत गेली. त्यामागे पराक्रम होता, महत्त्वाकांक्षा होती, आणि या गणिताचा रेटाही होता.

या गणिताचा दुसरा चेहरा आपण मराठी वाचकांनी डोळे उघडे ठेवून पाहायला हवा. १७४१ नंतरची दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. १७५१ साली नवाब अलीवर्दीखानानं वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओडिशाचा मुलूख सोडला, तेव्हा त्या स्वाऱ्या थांबल्या. आमच्या इतिहासात हा विजय आहे. बंगालीत मात्र ‘बारगीर’ या शब्दाचा ‘बर्गी’ झाला, आणि बर्गी म्हणजे लुटारू. तिथल्या आया लेकरांना झोपवताना जे अंगाईगीत म्हणत आल्या, त्यात बर्गी येतात आणि खंडणी द्यायची कशी याची चिंता येते. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात या स्वाऱ्यांवर काव्य लिहिलं. त्याचं नावच ‘महाराष्ट्रपुराण’. उठलेली गावं, जळलेली घरं आणि पळत सुटलेली माणसं यांचं ते पुराण आहे.

चिपळूणच्या कुणब्याला जे घडू नये म्हणून पत्र गेलं होतं, ते सत्तर वर्षांनी बर्दवानच्या कुणब्याला घडलं. वैरणीचा प्रश्न सुटला नव्हता, फक्त दूर नेऊन ठेवला होता. मला वाटतं, युद्धावर उभ्या राहिलेल्या सगळ्याच समाजांची ही रीत आहे. ते आपल्या वेशीच्या आतल्या माणसाला वाचवतात आणि त्याची किंमत वेशीबाहेरच्याकडून घेतात.

वर जाणारी शिडी

एवढं असूनही समाजाला युद्ध हवंसं का वाटत राहतं? कारण ते काहींना खरोखर वर नेतं.

मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर घराण्यातले. राणोजी शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. दोघंही स्वारांच्या पथकांतून वर आले आणि एका पिढीत त्यांनी माळव्यात राज्यं उभी केली. शांततेच्या काळात जन्मानं ठरवलेली जागा सहसा सुटत नाही. वतन बापाचं मुलाला जातं आणि गावकी जिथल्या तिथं राहते. छावणीत मात्र घोडं कुणाला आवरतं आणि संकटात कोण टिकतं, याला किंमत असते. माणसाची पारख करणारी अशी दुसरी जागा त्या समाजानं तयार केली नव्हती, म्हणून माणसं या जागेकडे धावत होती.

ही शिडी पुढेही दिसते. महार समाजातले अनेक जण आधी गडकोटांच्या राखणीला होते, नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत गेले. त्या फौजेनं नियमित पगार दिला, पेन्शन दिलं आणि सैनिकांच्या मुलांसाठी शाळा दिल्या. रामजी मालोजी सकपाळ सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत त्यांनी शिकवलं. १८९१ साली महूच्या छावणीत त्यांच्या घरी भीमराव जन्मले. पुढे इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ अशी वर्गवारी करून महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. लढायची हौस म्हणून ते अर्ज नव्हते. शिक्षणाचं आणि मानाचं दार आपल्यासाठी बंद झालं आहे, ही त्यांची तक्रार होती. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली.

युद्धाचं हे देणं नाकारण्यात अर्थ नाही. पण ते नीट पाहिलं तर लक्षात येतं की शाळा, पगार आणि जातीपलीकडची पारख या गोष्टी मुळात युद्धाच्या नाहीत. समाजानं त्या शांततेत द्यायला हव्या होत्या. त्या नाकारल्या गेल्या, म्हणून माणसांना त्यांच्यासाठी जिवाची जोखीम घ्यावी लागली.

सावकाराच्या दारात

पहिल्या बाजीरावांचं नाव घेतलं की वेगवान घोडदळ डोळ्यांसमोर येतं. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामाला रसद आणि पाणी तोडून कोंडीत पकडलं. पण याच बाजीरावांनी आपले गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचा नरक भोगतो आहे आणि सावकारांच्या पायांवर डोकं घासतो आहे, अशी व्यथा मांडली आहे. ब्रह्मेंद्रस्वामी स्वतःही त्यांना कर्ज देणाऱ्यांपैकी एक होते. फौज दसऱ्याला निघायची तर घोडी, दारूगोळा आणि पगाराची उचल यांना पैसा आधी लागे, चौथाई नंतर येई. मधलं अंतर सावकार भरून काढत असे.

त्याच्या एक पिढी आधी इंग्लंडलाही हाच प्रश्न पडला होता. फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि राजाकडे पैसा नव्हता. १६९४ साली तिथं धनिकांनी मिळून सरकारला बारा लाख पौंड आठ टक्के व्याजानं दिले, आणि त्या बदल्यात त्यांना पेढी काढायची सनद मिळाली. तीच बँक ऑफ इंग्लंड. ते कर्ज पार्लमेंटनं ठरवून दिलेल्या करांवर घेतलेलं होतं, म्हणून राजा मेला तरी ते बुडणार नव्हतं. बाजीरावांचं कर्ज बाजीरावांचं होतं. ते त्यांच्या शब्दावर आणि पुढच्या मोहिमेच्या यशावर तरंगत होतं. दोन्ही समाज युद्धासाठी कर्ज काढत होते, पण एकानं त्या कर्जाची संस्था केली आणि दुसऱ्यानं ते माणसाच्या खांद्यावर ठेवलं. पुढच्या शंभर वर्षांत या फरकानं कुठल्याही तोफेपेक्षा जास्त काम केलं.

पानिपतची मोहीम याच नजरेनं पाहा. १७६० च्या उन्हाळ्यात सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले. लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायका, बाजारकरी आणि सेवेकरी असा मोठा लोक होता. दिल्ली हाती आली, पण पैसा नव्हता, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत काढून त्याचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात रसदेची बाजू सांभाळणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. त्यानंतर छावणीत ना दाणा, ना वैरण. घोडी मरत होती, माणसं उपाशी होती. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली, ती भुकेनं मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. लढाई दुपारनंतर हरली, पण वैरणीची लढाई त्याआधीच कित्येक आठवडे हरलेली होती.

ही बातमी माळव्यात असलेल्या नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. त्यात मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही, असं व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेलं होतं. सरदार मोहरांत मोजले गेले आणि सामान्य शिपाई खुर्द्यात. त्या खुर्द्यातल्या प्रत्येकाचं कुठंतरी घर होतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेल्याचं अखेरपर्यंत मानलं नाही. आपण भाऊ आहोत असं सांगत एक तोतया उभा राहिला आणि हजारोंनी त्याच्यावर विश्वास ठेवला. १७७६ साली त्याला देहदंड झाला. ज्या समाजात पंधरा वर्षांनीही इतकी माणसं गेलेल्यांची वाट बघत होती, त्याच्या दुःखाची खोली लढाईच्या वर्णनांतून कळत नाही.

पगाराचा दिवस

पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी एक मोठा निर्णय घेतला. १७८४ साली बेन्वा द बॉयन या सावॉयच्या अधिकाऱ्याला नोकरीत घेऊन त्यांनी कवायती पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या. १७९० साली पाटण आणि मेडता इथं या पलटणींनी राजपूत घोडदळाची ताकद मोडली. लढाईच्या दृष्टीनं निर्णय बरोबर होता. पण त्यामुळे युद्धाचा हिशेब बदलला. हलकं घोडदळ मुलखावर जगू शकत होतं, दसऱ्याला जमत होतं आणि पावसाळ्यात घरी जात होतं. कवायती शिपाई मात्र बाराही महिने पोसावा लागतो, आणि त्याला पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. महादजींनी द बॉयनला दुआबातला सुपीक मुलूख या खर्चासाठी तोडून दिला, म्हणून ते यंत्र चाललं.

१७९४ साली महादजी गेले. त्यांचे वारस दौलतराव शिंदे पुण्यात फौज घेऊन बसले आणि फौजेचा पगार थकला. दुसऱ्या बाजीरावांनी पेशवाईच्या बदल्यात दोन कोटी रुपये कबूल केले होते, ते त्यांच्याकडे नव्हते. मग १७९८ च्या सुमारास दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकारांना आणि सधन घरांना पकडून, छळ करून पैसा काढला. जे एकेकाळी बंगालमध्ये घडत होतं, ते आता शनिवारवाड्याच्या सावलीत घडू लागलं. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. फौजांच्या येण्याजाण्यानं गावं ओस पडली, पेरणी बुडाली, आणि १८०२ ते १८०४ या वर्षांत दख्खननं भीषण दुष्काळ पाहिला. पावसाच्या कमतरतेहून त्यात घोड्यांच्या टापांचा वाटा मोठा होता.

कंपनीकडे त्या वेळी कर्ज उभं करण्याची पत होती आणि शिपायाला वेळेवर पगार देण्याची शिस्त होती. ती पतही बऱ्याच अंशी हिंदुस्थानी सावकारांच्या पैशांवर उभी होती. १८०३ च्या युद्धात शिंद्यांच्या पलटणींतले अनेक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले, कारण कंपनीनं त्यांना आमिष दाखवलं. असईच्या रणात मराठी तोफखाना आणि पायदळ शर्थीनं लढलं. पण त्यांच्या मागचं कोठार रिकामं होतं.

लढाई संपल्यावर

जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव शरण आले. पुस्तकात इथं प्रकरण संपतं, गावात ते इथं सुरू झालं. पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला निघणारी हजारो माणसं अचानक बिनकामाची झाली. काहींची वाट आधीच सुटली होती. पेंढारी म्हणजे बहुतेक अशीच पगाराविना लुटीवर जगणारी पथकं. त्यांना संपवायला कंपनीनं लाखाच्या वर फौज गोळा केली. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी अमीरखान टोंकचा नवाब झाला आणि चितू रानात वाघाच्या तोंडी गेला.

पुरंदरच्या परिसरातल्या रामोशांचा गडाच्या राखणीचा पिढीजात हक्क गेला होता. उमाजी नाईक त्यांच्यातूनच उठले आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. खानदेशात भिल्लांशी कंपनीचा संघर्ष वर्षानुवर्षं चालला. १८२५ साली जेम्स आउटरमनं भिल्लांचीच पलटण उभारली, तेव्हा कुठं त्याला उतार पडू लागला. तिथं बंदुकीपेक्षा पगार कामी आला. युद्ध संपवायचं म्हणजे युद्धानं ज्यांना पोसलं त्यांना दुसरी भाकरी द्यायची. ती दिली नाही तर लढाई फक्त नाव बदलते.

शब्दांत राहिलेली छावणी

आपल्या भाषेत ती छावणी अजून उठलेली नाही. आपण जेरीस येतो, हातघाईवर येतो, आणि फार मोठं नुकसान झालं की पानिपत झालं म्हणतो. ‘बाजारबुणगे’ म्हणजे खरं तर लष्कराबरोबर चालणारे दुकानदार, ओझी वाहणारे आणि चाकरमाणसं. ज्यांच्यावाचून सैन्याला एक दिवस जेवायला मिळालं नसतं, त्यांचं नाव आज तुच्छतेनं घेतलं जातं. लढणाऱ्याला पोवाडा मिळाला आणि वैरण वाहणाऱ्याला शिवी. युद्धाची आठवण समाज कशी ठेवतो, ते एवढ्या एका शब्दात दिसतं.

पण दुसराही एक शब्द आहे. ‘मोर्चा’ म्हणजे किल्ल्याच्या तटावर मारा करण्यासाठी बांधलेली तोफांची जागा. आज मोर्चा निघतो तो शेतमालाच्या भावासाठी, पाण्यासाठी, पगारासाठी, आणि माणसं हातात फलक घेऊन चालतात. तटाशी भांडायची तीच जिद्द, तोफ मात्र नाही. युद्ध हा माणसानं लावलेला शोध असेल तर तो बदलताही येतो, याचा हा पुरावा आपण रोजच्या बोलण्यात वागवतो आहोत.

वैरणीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. दुसऱ्या महायुद्धात घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली, तरी १९४३ साली त्याच बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्यांच्या खेड्यांत लढाई झालीच नव्हती. युद्धाच्या धामधुमीत तांदळाचे भाव आभाळाला भिडले होते, आणि जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्याच्या नावा सरकारनं काढून घेतल्या होत्या. हिशेब मांडणाऱ्यांच्या कागदावर ती माणसं कुठंच नव्हती.

म्हणून कुठल्याही युद्धाची बातमी वाचताना मला चिपळूणचं ते पत्र आठवतं. कोण शूर, कोण न्यायी, कोण जिंकणार, हे प्रश्न खरे आहेत आणि काही युद्धं टाळता येत नाहीत, हेही खरं आहे. महाराजांनीही युद्ध टाळलं नाही. पण त्यांनी लढता लढता जो प्रश्न विचारला, तो आपणही आधी विचारायला हवा. ही घोडी कुणाच्या शेतातून जाणार आहेत? यांची वैरण कोण देणार आहे, आणि त्याला कुणी विचारलं आहे का?